जुन्या येझदीचे आयुष्य

दुचाकींच्या गोंगाटातही काही आवाज वेगळे ओळखू येतात. दोन सायलेन्सरमधून बाहेर पडणारा येझदीचा भरदार ठेका हा त्यांपैकी एक. म्हैसूरच्या ज्या कारखान्यात ही मोटरसायकल घडली, तो १९९६ मध्ये बंद पडला. म्हणजे रस्त्यावर आज दिसणारी जुनी येझदी जवळपास तीस वर्षांची तरी आहेच. पुष्कळशा गाड्या तर चाळिशी ओलांडलेल्या आहेत. त्या अजून धावतात यामागे कारागिरांचे कसब आहे तसाच मालकांचा संयमही आहे, आणि या दोहोंत संयमाचा वाटा मोठा आहे.

‘जावा’ ही मूळची झेक कंपनी. तिच्याशी करार करून रुस्तम आणि फारूख इराणी यांनी म्हैसूरला ‘आयडियल जावा’ हा कारखाना उभारला. १९६० च्या दशकात ‘जावा’ आणि पुढे सत्तरच्या दशकात ‘येझदी’ या नावाने तिथल्या गाड्या देशभर गेल्या. १९८० च्या दशकात शंभर सीसीच्या जपानी बनावटीच्या गाड्या आल्या. लिटरमागे तीसच्या आसपास धावणारी येझदी त्यांच्या मायलेजपुढे टिकणे कठीणच होते. त्यातच धुराचे नियम कडक झाले. २०२२ मध्ये ‘येझदी’ हे नाव पुन्हा बाजारात आले. परंतु नव्या गाडीचे इंजिन सर्वस्वी निराळे असल्याने जुन्या मालकांना त्याच्या सुट्या भागांचा उपयोग नाही.

येझदीचे इंजिन टू-स्ट्रोक. त्यात व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही. पिस्टन, कनेक्टिंग रॉड आणि क्रँक एवढेच मुख्य हलते भाग. म्हणूनच तालुक्याच्या गावातला मिस्त्रीही ते खोलू शकत असे. मात्र हा सोपेपणाच अनेक गाड्यांच्या मुळावर आला. गाडी जरा कमी ओढू लागली, की ‘इंजिन करून टाका’ असा सल्ला मिळतो आणि मालक मान डोलावतो. वास्तविक बहुतेक वेळा दोष सायलेन्सरमध्ये साचलेल्या काजळीचा, कार्ब्युरेटरच्या जेटमधल्या कचऱ्याचा किंवा झिजलेल्या पॉइंटचा असतो. पॉइंटमधली फट सुमारे ०.४ मिलिमीटर असावी लागते. फीलर गेज घेऊन ती दुरुस्त करण्यास दहा मिनिटे पुरतात. सायलेन्सरच्या आतील जाळी काढून साफ केली, तरी कित्येक गाड्यांना नवा जोम येतो. इंजिनाला हात लावण्याची वेळ त्यानंतरची.

याला आर्थिक हिशेबाइतकेच यांत्रिक कारण आहे. सिलिंडर झिजला, की तो बोअर करून मोठ्या मापाचा पिस्टन बसवतात. ही मापे पाव-पाव मिलिमीटरने वाढत जातात. प्रत्येक बोअरिंगमध्ये सिलिंडरच्या भिंतीचा एक थर कायमचा जातो आणि ठरावीक पायऱ्यांनंतर तो सिलिंडर निकामी होतो. हे भांडवल मोजके आहे. ते कोणी केव्हा खर्चले, याची नोंद बहुधा कोणाकडेच नसते. जुनी गाडी विकत घेणाऱ्याने रंग आणि निकेलची चमक पाहण्यापूर्वी आत कोणत्या मापाचा पिस्टन आहे, हे विचारावे. उत्तर मिळाले नाही, तर हेड उघडून पिस्टनच्या माथ्यावर कोरलेला आकडा पाहता येतो.

सिलिंडरइतकेच महत्त्व क्रँकच्या दोन टोकांना बसवलेल्या ऑइल सीलना आहे. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल आणि हवेचे मिश्रण आधी क्रँककेसमध्ये येते, त्यामुळे ती पेटी हवाबंद राहावी लागते. क्लचच्या बाजूचे सील गेले, तर गिअरचे तेल आत ओढले जाते आणि मागे पांढऱ्या धुराचा लोट उठतो. डायनॅमोच्या बाजूचे गेले, तर बाहेरची हवा शिरते, मिश्रण पातळ होते आणि इंजिन तापून जाम होते. पहिला दोष दिसतो, म्हणून त्यावर इलाज होतो. दुसरा दिसत नाही. अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावरही इंजिनाचा वेग उतरत नसेल, तर तो या दुसऱ्या दोषाचा इशारा असू शकतो. रबराची ही चकती स्वस्त असते. तिच्यापायी जाम झालेला पिस्टन मात्र बोअरिंगची एक पायरी खाऊन जातो.

तेल पेट्रोलमध्येच मिसळायचे असल्याने त्याचे प्रमाण चुकू नये. लिटरला तीस ते चाळीस मिलिलिटर टूटी ऑइल पुरेसे होते. ‘थोडे जास्त बरे’ ही समजूत सायलेन्सर चोंदवते. आणखी एक गोष्ट नव्या चालकांना ठाऊक नसते. पसरणी घाटासारख्या लांब उतारावर अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण बंद ठेवून गिअरमध्ये गाडी सोडली, तर पेट्रोलबरोबर येणारे तेलही थांबते आणि वेगाने फिरणारे इंजिन कोरडे पडते. म्हणून जुने चालक उतारावर अधूनमधून मूठ पिळत असत. बघणाऱ्याला तो दिमाख वाटे.

अलीकडच्या काळात पेट्रोलमधील इथेनॉलचा प्रश्न यात नव्याने जमा झाला आहे. वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल आता सर्वत्र मिळते. इथेनॉल हवेतील ओलावा शोषते आणि जुन्या प्रकारच्या रबराला मानवत नाही. पावसाळ्यात महिनाभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीत पाणी तळाशी बसते, कॉकचे वॉशर फुगतात, कार्ब्युरेटरमध्ये पांढरट बुरशीसारखा थर धरतो. रोज धावणाऱ्या गाडीला हा त्रास फारसा होत नाही. गाडी उभी ठेवायची असेल, तर पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू द्यावे, म्हणजे कार्ब्युरेटर रिकामा होतो. पेट्रोलची नळी आणि वॉशर इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचे बसवून घ्यावेत.

सुटे भाग मिळतात. पुण्यात नाना पेठेत, मुंबईत चोरबाजारात आणि ओळखीओळखीतून. अडचण दर्जाची असते. नवीन बनवलेले क्लच प्लेट आणि केबल चालून जातात, पण पिस्टन आणि पॉइंट पारखूनच घ्यावे लागतात. यासाठी काढलेला मूळ भाग, मग तो कितीही झिजलेला असो, फेकू नये. लेथवाल्याला माप देण्यासाठी तोच एक नमुना असतो.

गाडी धडधाकट असूनही कागदांपायी अडकते, हा अनुभव मात्र सार्वत्रिक म्हणावा असा आहे. खासगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण करावे लागते आणि महाराष्ट्रात पर्यावरण कर भरावा लागतो. दुचाकीच्या नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ पासून तीनशेवरून एक हजार रुपये झाले. २०२५ मध्ये वीस वर्षांवरील गाड्यांसाठी ते दोन हजार करण्यात आले. मुदत चुकल्यास महिन्यागणिक दंड वाढत जातो. वडिलांच्या वा आजोबांच्या नावावरची गाडी वारसाने मालकाच्या निधनानंतर तीन महिन्यांत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज करावयाचा असतो. हे राहून गेले, तर पुढे सगळ्या भावंडांच्या सह्या गोळा करण्याची पाळी येते. तपासणीत चासी आणि इंजिनाचे क्रमांक पाहिले जातात. सांगाडा रंगवताना क्रमांकावर जाड थर बसला किंवा भंगारातून आणलेली दुसरी क्रँककेस नोंद न करता बसवली, तर चांगली गाडीही संशयास्पद ठरते.

पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे पूर्ण झालेल्या, मूळ स्वरूपातील गाड्यांना २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येते. सुरुवातीच्या येझदी आता त्या वयात पोहोचल्या आहेत. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये असून अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच तिला मुभा आहे. येझदीवरून रोज कामाला जाणाऱ्याने पाच वर्षांच्या साध्या नूतनीकरणाचाच मार्ग धरावा आणि अर्ज मुदत संपण्यापूर्वीच करावा.