शुगर 345

हा घटनाक्रम कोणा एका रुग्णाचा नाही. माणूस आणि वेळा उदाहरणादाखल घेतल्या आहेत. चूक मात्र खरी आहे. सलाइनमधले ग्लुकोज मिसळलेल्या रक्तनमुन्यांबद्दल ब्रिटनच्या रुग्णसुरक्षा यंत्रणेने 2008 मध्येच रुग्णालयांना सावध केले होते. पहाटे 4:10 वाजता या रुग्णाची शुगर 19 असेल.

रात्री 10:00
डिसेंबर. बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याचे रुग्णालय. सत्तरीचे मधुमेही आजोबा, दुपारपासून उलट्या. मुलगा-सून ऊसतोडीला कारखान्यावर, सोबत शेजारी. संध्याकाळची ग्लिमेपिराइड, म्हणजे शुगर उतरवणारी गोळी, आजोबांनी उपाशीपोटी घेतली आहे. ते कोणी विचारत नाही. ताप नाही. शुगर 110. डाव्या हाताला 5 टक्के डेक्स्ट्रोजचे, म्हणजे ग्लुकोजचे, सलाइन सुरू.

12:30
पुन्हा तपासणी. म्हाताऱ्या माणसाला परत टोचायला नको, म्हणून रक्त डाव्या हातातल्या इंट्राकॅथमधूनच, म्हणजे सलाइनच्या सुईतूनच, काढले जाते. रक्तातली शुगर 100. नमुन्यात विसावा हिस्सा सलाइन. त्या सलाइनच्या एका डेसिलिटरमध्ये 5000 मिलिग्रॅम ग्लुकोज. मीटर 345 दाखवतो. मीटर बिघडलेला नाही.

12:40
फोनवर डॉक्टर: "रेग्युलर इन्शुलिन 10 युनिट द्या. डेक्स्ट्रोज काढा, एनएस लावा." अडीच तासांपूर्वीचे 110 केसपेपरच्या पहिल्या पानावर आहे. ते पान कोणी उघडत नाही.

12:50
इन्शुलिन दिले. बाटली बदलली; एनएस म्हणजे नॉर्मल सलाइन, त्यात ग्लुकोज नसते. बाहेरून मिळणारे ग्लुकोज थांबले.

1:20
इन्शुलिनचा अंमल सुरू.

2:30
थंडीतही आजोबांचे अंग घामाने भिजलेले. शेजारी सिस्टरना सांगतो. त्या म्हणतात, "ताप उतरत असेल."

3:15
इन्शुलिनचा जोर आता सर्वाधिक. आजोबा मुलाला हाका मारतात, मग असंबद्ध बरळतात. शेजाऱ्याला वाटते, पोराची आठवण येतेय. पुढची तपासणी 6 वाजता लिहिलेली आहे.

4:10
झटके. उजव्या हाताच्या बोटाला टोचतात. मीटरला 5 सेकंद लागतात. शुगर 19.

4:14
25 टक्के डेक्स्ट्रोज, 100 मिलिलिटर, शिरेतून.

4:30
शुगर 162. शुद्ध नाही.

6:00
अजून शुद्ध नाही. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयासाठी चिठ्ठी लिहिली जाते: मधुमेह अनियंत्रित, शुगर 345, इन्शुलिननंतर 19. रक्त कोणत्या हातातून घेतले, याला चिठ्ठीत रकाना नाही.