अंबरातील माशी

घासलेला अंबर गवताची काडी आपल्याकडे ओढून घेतो, म्हणून संस्कृतात त्यास तृणमणी हे नाव पडले. वस्तुतः तो मणी नव्हे. प्राचीन वृक्षांच्या खोडांतून पाझरून भूगर्भात कठीण झालेली ती राळ होय. बाल्टिक समुद्राकाठच्या अंबराचे वय सुमारे ४ कोटी वर्षे मानले जाते. त्या राळेत सापडलेले कीटक पंखांच्या शिरांसह आणि पायांवरील केसांसह टिकून राहिले आहेत. असल्या बारीक खुणा पारखूनच शास्त्रज्ञ एक जाती दुसरीहून निराळी ओळखतात.

एकोणिसाव्या शतकातील जर्मन कीटकशास्त्रज्ञ हर्मन ल्योव यांच्या संग्रहातील अशाच एका तुकड्यात एक माशी होती. १९२२ साली तो तुकडा लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयात आला. पुढे १९६६ साली विली हेनिग यांनी त्यावर लेख लिहिला. जीवांच्या वंशावळीच्या अभ्यासाला शास्त्रीय शिस्त लावणारे हे थोर संशोधक. त्यांना ही माशी फॅनिया स्केलॅरिस, म्हणजे आज शौचकूपांत वाढणाऱ्या माशीहून, वेगळी काढता येईना. लेखाच्या शीर्षकात त्यांनी प्रश्नचिन्ह ठेवले खरे. परंतु पुरावा मान्य केला, तर ४ कोटी वर्षांत या जातीत काहीच पालट झाला नाही, असे म्हणणे प्राप्त होते. माशांच्या साऱ्या कुळाची कालगणनाच त्यामुळे मागे ढकलली जात होती.

१९९३ साली अँड्र्यू रॉस हा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली न्याहाळीत असता दिव्याच्या उष्णतेने माशीभोवती एक भेग उमटली, आणि सारा उलगडा झाला. कोणा कुशल हाताने अंबराचे दोन भाग केले होते, एकात खळगा कोरून माशी ठेवली होती आणि भाग पुन्हा बेमालूम जोडले होते.

अंबर गोड्या पाण्यात बुडतो व मिठाच्या दाट पाण्यात तरंगतो, अशी त्याची एक जुनी परीक्षा आहे. त्या परीक्षेने ही लबाडी उघडकीस आली नसती. कारण अंबर अस्सल होता. हेनिग यांनी ओळखलेली जातीही बरोबरच होती. माशी खरोखर अलीकडचीच होती. खोटा होता तो या दोहोंचा सांधा. आणि संग्रहालयात सत्तराहून अधिक वर्षे तो कोणाच्याही दृष्टीस पडला नव्हता.