डोंगर चढून मदतनिधी : मित्रांची मोहीम काढण्याआधी हे माहीत असू द्या

वर्धा : गावातल्या कुणाचे ऑपरेशन, शाळेची गळकी खोली, वाचनालयाची पुस्तके. पैसा कमी पडला की आपल्याकडे वर्गणी काढतात. आता त्यात आणखी एक रीत आली आहे. चार-पाच मित्र मिळून उंच डोंगर चढायचे ठरवतात आणि ‘आम्ही चढतो, तुम्ही या कामाला हातभार लावा’ असे आवाहन मोबाइलवर फिरवतात. ऐकायला सोपे वाटते. पण यात दोन गोष्टी पणाला लागतात : चढणाऱ्याचा जीव आणि देणाऱ्याचा विश्वास. दोन्ही कसे सांभाळायचे, त्याची ही माहिती.

ही रीत कुठची?

२९ मे १९५३ रोजी तेनसिंग नोर्गे आणि एडमंड हिलरी एव्हरेस्टवर पोहोचले. डोंगराने नाव दिले, तर डोंगरातल्या माणसांसाठी काही करावे, म्हणून हिलरी यांनी पुढे हिमालयन ट्रस्ट काढला. जगभर फिरून पैसा उभा केला. १९६१ मध्ये नेपाळातल्या खुमजुंग गावी शाळा सुरू झाली. त्यानंतर आणखी शाळा आणि दवाखाने उभे राहिले.

आफ्रिकेतला सर्वांत उंच डोंगर किलिमांजारो (५,८९५ मीटर) हा तर अशा मोहिमांसाठी प्रसिद्धच आहे. २००९ मध्ये ब्रिटनमधले नऊ नामवंत कलाकार तो चढले आणि त्या निमित्ताने लोकांनी मदतनिधीत ३० लाख पौंडांहून जास्त रक्कम दिली. डोंगर हे निमित्त होते. लोकांनी पैसा दिला तो कामासाठी.

वर्ध्याचा जुना दाखला

निमित्त काढून निधी जमवणे वर्ध्याला नवे नाही. ७ नोव्हेंबर १९३३ रोजी महात्मा गांधी यांनी अस्पृश्यता निवारणासाठी देशाचा दौरा सुरू केला तो वर्ध्यातूनच. सुमारे नऊ महिने, सुमारे १२,५०० मैल. रेल्वे, मोटार आणि ओरिसात चक्क पायी. सभेत कुणी पै-पैसा द्यायचे, कुणी अंगावरचा दागिना. दागिने आणि वस्तूंचा तिथेच लिलाव व्हायचा. सहीसाठीसुद्धा पाच रुपये घेतले जात. दौऱ्यात जवळपास ८ लाख रुपये जमले. तो पैसा कशासाठी आहे, हे देणाऱ्याला आधीच माहीत होते. आजच्या मोहिमेलाही हाच नियम लागू आहे.

पैसा कशाचा, ते आधी ठरवा

डोंगराच्या नावाने जमणारा पैसा तीन तऱ्हेचा असतो.

- मोहिमेचा निधी : हा चढाईच्याच खर्चासाठी असतो. पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेची २०१२ ची एव्हरेस्ट मोहीम समाजातून आलेल्या देणग्यांवर उभी राहिली. लोकांनी दिले ते चढाईसाठी, हे उघड होते.
- सरकारी निधी : शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांचे पाच विद्यार्थी मे २०१८ मध्ये ‘मिशन शौर्य’ अंतर्गत एव्हरेस्टवर पोहोचले. ती आदिवासी विकास विभागाची मोहीम होती.
- मदतनिधी : हा रुग्ण, शाळा, संस्था अशा दुसऱ्या कामासाठी असतो. चढणाऱ्याचा त्यावर हक्क नाही.

भांडण होते ते पहिल्या आणि तिसऱ्याची खिचडी झाली की. समजा, पाच मित्रांचा प्रत्येकी खर्च २० हजार, म्हणजे एकूण १ लाख रुपये. आवाहनातून जमले दीड लाख. खर्च त्यातूनच काढला तर रुग्णाच्या हाती पडतात फक्त ५० हजार. देणाऱ्याला वाटते, आपले सगळे पैसे पोहोचले. म्हणून गाडीभाडे, कपडे, गाइड, जेवण हा खर्च मित्रांनी खिशातून करावा. ते जमत नसेल तर ‘यातला इतका पैसा प्रवासाला जाईल’ असे आवाहनातच लिहावे. तेही नको असेल तर जवळचा डोंगर निवडावा. चिखलदऱ्याला जाऊनही निधी जमतो.

कायदा आणि खाते

लोकांकडून धर्मादाय कामासाठी पैसा घ्यायचा तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम लागू होतो. गणेश मंडळे वर्गणीसाठी धर्मादाय कार्यालयाची परवानगी काढतात, ती याच कायद्याच्या कलम ४१ क नुसार. मित्रांच्या गटाने स्वतः निधी जमवण्याआधी या कार्यालयात चौकशी करावी. त्याहून सोपा मार्ग म्हणजे नोंदणीकृत संस्थेला सोबत घेणे आणि पैसा थेट तिच्या खात्यावर मागणे.

- एखाद्या मित्राच्या वैयक्तिक नंबरवर पैसा मागू नये. माणूस कितीही सरळ असला तरी संशयाला जागा राहते.
- रुग्णासाठी निधी असेल तर दवाखान्याच्या खात्यात रुग्णाच्या नावे जमा करता येईल का, ते विचारावे.
- संस्थेला आयकराची ‘८०जी’ मान्यता असल्यास पावती द्यावी. २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर ही सवलत मिळत नाही.
- परदेशी नागरिकाकडून पैसा घ्यायचा तर संस्थेकडे केंद्र सरकारची वेगळी नोंदणी लागते.

उपचारासाठी निधी काढण्याआधी आणखी एक काम करावे. रुग्ण महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत बसतो का ते पाहावे. धर्मादाय रुग्णालयांत गरीब रुग्णांसाठी १० टक्के खाटा मोफत आणि १० टक्के खाटा सवलतीच्या दरात राखीव असतात, त्याचीही चौकशी करावी. कधी कधी निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.

डोंगर कोणता निवडायचा?

वर्ध्याच्या पोराला ४५ अंशांचे ऊन नवे नाही, पण बर्फ आणि विरळ हवा नवी आहे. म्हणून पायरी-पायरीने जावे. आधी आर्वी, कारंजा, आष्टी भागातल्या टेकड्यांवर पाठीला ओझे घेऊन चालण्याचा सराव करावा. मग सुमारे १,१०० मीटरवरचा चिखलदरा. त्यानंतर राज्यातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई. अकोले तालुक्यातल्या बारी गावातून वर वाट जाते, अवघड जागी लोखंडी शिड्या आहेत. उंची १,६४६ मीटर.

हिमालय त्याच्या पुढची गोष्ट. तिथे पहिल्या वेळी अनुभवी गाइडशिवाय जाऊ नये. गिर्यारोहण मनापासून शिकायचे तर उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था आणि दार्जिलिंगची हिमालयन गिर्यारोहण संस्था येथे रीतसर प्रशिक्षण मिळते.

उंचीचा त्रास अंगावर काढू नका

साधारण २,५०० मीटरच्या वर उंचीचा त्रास होऊ शकतो. ५,५०० मीटरवर एका श्वासात मिळणारा ऑक्सिजन समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. तरुण, धडधाकट, रोज वावरात राबणाऱ्या माणसालाही हा त्रास होतो. ताकदीशी त्याचा संबंध नाही.

- सुरुवातीची लक्षणे : डोके दुखणे, मळमळ, भूक मरणे, चक्कर, झोप न लागणे. अशा वेळी आणखी वर जाऊ नये. बरे वाटले नाही तर खाली यावे.
- धोक्याची लक्षणे : बसल्या जागी धाप लागणे, खोकल्यातून फेस येणे, तोल जाणे, असंबद्ध बोलणे. इथे सकाळची वाट पाहू नये. रुग्णाला सोबत देऊन ताबडतोब खाली न्यावे.
- आधीची काळजी : ३,००० मीटरच्या वर रोजचा मुक्काम आदल्या दिवसापेक्षा साधारण ५०० मीटरहून जास्त उंच करू नये. दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावे. दारू आणि झोपेच्या गोळ्या टाळाव्यात. उंचीच्या त्रासावरचे औषध डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. बीपी, दमा, हृदयविकार असलेल्यांनी आधी तपासणी करावी.

‘शिखर गाठले तरच पैसे’ असे लिहू नका

मदतनिधीच्या मोहिमेत एक वेगळा धोका असतो. गावाने पैसे दिले, स्टेटसला फोटो लागले, आता मागे कसे फिरायचे? या लाजेपोटी माणूस त्रास लपवतो आणि चढत राहतो. मित्रही ‘थोडेच राहिले, चल’ म्हणतात. म्हणून आवाहनातच स्पष्ट लिहावे : शिखर गाठले किंवा अर्ध्यातून परतलो, तरी जमलेला सगळा पैसा ठरल्या कामालाच जाईल. या एका वाक्याने देणाऱ्याला खात्री मिळते आणि चढणाऱ्याला मागे फिरायची मोकळीक. कुणी एक जण ‘परत’ म्हणाला की त्याचे ऐकायचे, हे निघण्याआधीच ठरवावे. आजारी मित्राला एकट्याला खाली पाठवू नये.

पैसे देणाऱ्याने काय पाहावे?

१. पैसा नेमका कुणासाठी, किती लागतो आणि कुणाच्या खात्यावर जातो?
२. चढाईचा खर्च कोण करतो?
३. संस्थेचा नोंदणी क्रमांक आहे का? फोन करून विचारले तर सरळ उत्तर मिळते का?
४. उरलेल्या पैशाचे काय होणार?

मेसेज ओळखीच्याने पाठवला म्हणून तो खरा असतोच असे नाही, त्यालाही तो कुठून तरी आलेला असतो. आणि पैसे जमवणाऱ्यांनीही लक्षात ठेवावे : खात्यात पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन टाकावा लागत नाही. ‘देणगी पाठवतो, पिन टाका’ असे कुणी म्हटले की फोन ठेवून द्यावा.

परत आल्यावर

मोहीम डोंगरावर संपत नाही. किती जमले, कुणाला किती दिले, पावती कुठे आहे, याचा एक कागद ज्या ग्रुपवर आवाहन टाकले त्याच ग्रुपवर टाकावा आणि ग्रामपंचायतीच्या फलकावरही लावावा. ५१ रुपये देणाऱ्या म्हातारीलाही तो वाचून दाखवता आला पाहिजे. हिशेब चोख राहिला तर पुढच्या वेळी वर्गणीसाठी दारात गेलेल्या पोरांना कुणी रिकाम्या हाताने पाठवत नाही.