खरखरींतून वादळाचा माग



वळवाच्या दिवसांत रेडिओवरील गाणें ऐन रंगांत आलें असतां मध्येंच खरखर होते आणि घरांतील मंडळी चरफडतात. ती खरखर म्हणजे पुष्कळदां कोठें तरी चमकलेल्या विजेची वार्ता असते. मेघगर्जना वीस-पंचवीस किलोमीटरांपलीकडे सहसा ऐकूं येत नाहीं. विजेपासून निघणाऱ्या रेडिओ-लहरी मात्र शेंकडों किलोमीटर जातात. त्या टिपून घंटी वाजविणारें यंत्र अलेक्झांडर पोपोव्ह यांनीं रशियांत १८९५ सालीं केलें. पण वीज चमकली एवढेंच तें सांगे. कोणीकडे, तें सांगत नसे.

या 'कोणीकडे'चा पिच्छा पुरविला तो रॉबर्ट वॉटसन-वॅट या स्कॉटिश गृहस्थांनीं. पहिल्या महायुद्धांत, १९१५ सालीं, ते ब्रिटिश हवामान खात्यांत आले. तेव्हांचीं विमानें लाकडाचीं व कापडाचीं. वैमानिकांस गडगडाटी वादळाची आगाऊ सूचना हवी होती. तारेचें वेटोळें फिरवून लहरींची दिशा काढतां येई, परंतु वेटोळें जाग्यावर येईपर्यंत विजेचा मागमूसही उरत नसे! १९२३ च्या सुमारास त्यांनीं कॅथोड-किरण-नळी हातीं घेतली. एक वेटोळें दक्षिणोत्तर, दुसरें पूर्वपश्चिम असें पक्कें बसवून दोन्ही त्या नळीस जोडलीं. वीज चमकतांच पडद्यावर तेजाची रेघ उमटे. तिचा कल तीच विजेची दिशा. दूरच्या दोन ठाण्यांवरील रेघा नकाशावर जेथें छेदत, तेथें वादळ. घटकाभरानें पुन्हां पाहिलें कीं तें कोणीकडे सरकत आहे हेंही कळे. (पुढें १९३५ सालीं याच गृहस्थांनीं रडारचा पाया घातला, लोकांस ठाऊक आहे तें तेवढेंच.)

पण वादळ वाढणार कीं विरणार? त्याचें उत्तरही विजांतच आहे. ढगांत वर चढणारा वारा जोरकस झाला कीं बर्फाचे कण एकमेकांवर अधिक आपटतात, विद्युद्भार विलग होतो आणि विजा वाढतात. अर्ल विल्यम्स व त्यांचे सहकारी यांनीं १९९९ सालीं फ्लॉरिडांतील वादळांविषयीं दाखविलें कीं, विध्वंसक वारे जमिनीवर येण्यापूर्वीं कांहीं मिनिटें विजांची संख्या एकाएकीं उसळी घेते.

पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनेंही देशांत विजा टिपणारीं ठाणीं उभारलीं असून तिचें 'दामिनी' ॲप मोबाइलवर इशारा देतें. भारतांत दरवर्षीं २००० हून अधिक माणसें विजेनें मरतात. त्यांत शेतांत राबणारीं फार. मी वर्गांत मुलांस वीज दिसल्यापासून अंक मोजावयास सांगत असें, तीन सेकंदांस एक किलोमीटर. गडगडाट ऐकूं आला म्हणजे वीज आपल्यावर पडण्याइतकी जवळ आहे, हें मात्र मीं तेव्हां सांगितलें नाहीं. मलाच तें ठाऊक नव्हतें.