खामगांवची तार आणि विजेची चोरगळती

सन १८७० मध्यें व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगांवीं आले आणि जलंबहून निघणाऱ्या आठ मैलांच्या रेल्वेफांट्याचें उद्घाटन झालें. आदल्याच वर्षीं सुएझचा कालवा खुला झाला होता. त्याच १८७० सालीं समुद्रांतील तारेनें मुंबई इंग्लंडशीं जोडली गेली. लिव्हरपूलच्या कापसाचा भाव वऱ्हाडांत पोंचण्यास टपालानें आठवडे लागत. तारेमुळें दिवसांचा आणि पुढें तासांचा हिशेब सुरू झाला. एक आंकडा चुकला तर गांसड्यांच्या सौद्यांत मोठी खोट बसावी, अशी वेळ आली.

परंतु एवढा व्यवहार ज्या शक्तीवर चाले, ती फार थोडी होती. तारकचेरीच्या कोपऱ्यांत मांडलेल्या विद्युत्घटांत ती सांठविलेली असे. इंग्लंडांत डॅनियल यांनीं १८३६ सालीं केलेल्या घटाचा मिनोत्तो यांनीं सुधारलेला प्रकार हिंदुस्थानच्या तारखात्यांत रूढ झाला. तळाशीं तांब्याची चकती, तीवर मोरचुदाचे खडे, मध्यें भुशाचा किंवा वाळूचा थर आणि वर जस्त, अशी त्याची मांडणी. एका घटाचा दाब एका व्होल्टाहून किंचित् अधिक. म्हणून लांबच्या तारेसाठीं अनेक घट एकापुढें एक जोडावे लागत.

या घटांना दोन चोर लागत. पहिला घरांतला. तार मुकी असली तरी मोरचुदाचें पाणी हळूहळू वर झिरपे आणि जस्तास खाई. कांहीं काम न होतां घट झिजे. दुसरा चोर बाहेरचा. पावसाळ्यांत खांबावरील चिनीमातीचे पेले ओले झाले कीं प्रत्येक खांबावरून थोडी थोडी वीज जमिनींत उतरे. एका खांबाची गळती नगण्य. शेंकडों खांबांची मिळून मात्र मोठी. अशा वेळीं एक चमत्कारिक गोष्ट घडे: पाठविणाऱ्याच्या बॅटरींतून वीज अधिक जाई आणि घेणाऱ्याच्या यंत्रापर्यंत ती कमी पोंचे.

नुसते घट वाढवून हा रोग जाणारा नव्हता. १८६८ नंतर लुई श्वेंड्लर या जर्मन अभियंत्यानें येथील तारांच्या नियमित परीक्षेची पद्धति घालून दिली आणि पुढें तिचे नियम ग्रंथरूपानें मांडले. अशा परीक्षेचें मूळ तत्त्व सोपें आहे. दूरच्या स्टेशनानें तारेचें टोंक मोकळें सोडावें. तरीही इकडची सुई हलली तर गळती आहे. मग मधलें एकेक स्टेशन तोडीत जावें. ज्या ठिकाणीं तोडल्यावर सुई शून्यावर येते, त्याच्या पलीकडे दोष. वीज दिसत नसे. पण तिची वाट मोजणीनें सांपडे.

तारेची ही सेवा जुलै २०१३ मध्यें बंद झाली; चोर मात्र राहिला. लोणारच्या वाटेवर बिऱ्हाडासारखी सजविलेली एखादी मोटार आठवडाभर उभी ठेवावी आणि निघतेवेळीं ती सुरूच होऊं नये, हा त्याचाच खेळ. बारा व्होल्टांची शिशाची बॅटरी पूर्ण भरून कांहीं तास स्वस्थ ठेवली तर सुमारें १२.७ व्होल्ट दाखविते, १२.२ च्या आसपास ती निम्मी रिती समजावी. सर्व दिवे मालवलेले असतांही एखादें घड्याळ किंवा यंत्र ५० मिलिअँपिअर ओढीत असेल, तर दिवसाला १.२ अँपिअर-तास जातात, आणि शंभराची बॅटरी सहा आठवड्यांत अर्धी होते. येथेंही उपाय तोच: बॅटरीच्या ऋण बाजूच्या तारेंत प्रवाहमापक घालावा, गाडीचीं यंत्रें शांत होईपर्यंत थांबावें आणि एकेक फ्यूज काढीत जावें. सुई जेथें पडेल, तेथें चोर.

मोठ्या खर्चास माणूस जपतो. संपत्ति बहुधा लहान, अखंड खर्चानेंच सरते. खामगांवच्या कापूसबाजारास हा धडा नवा नसावा.