वऱ्हाडातील नमुना निवडीची परंपरा आणि आरोग्य संशोधन : अमरावती व अकोला जिल्ह्यांच्या विशेष संदर्भात

बीजसंज्ञा : नमुना निवड, स्तरित नमुना, नमुना चौकट, मेळघाट, खारपाणपट्टा, आरोग्य सर्वेक्षण

प्रस्तावना

कोणत्याही प्रदेशातील सर्व व्यक्तींची आरोग्य तपासणी करणे संशोधकाला शक्य नसते. म्हणून समग्रातून काही घटक निवडून त्यांच्या आधारे संपूर्ण समग्राविषयी अनुमान काढले जाते. यालाच नमुना निवड असे म्हणतात. आपल्याकडील संशोधन पद्धतीच्या पाठ्यपुस्तकांत नमुना निवडीचे प्रकार व्याख्यांच्या स्वरूपात येतात. ही शास्त्रीय पद्धती कोणत्या प्रश्नांतून घडली, याचा विचार मात्र क्वचितच होतो. वस्तुतः या पद्धतीच्या भारतातील जडणघडणीत वऱ्हाडच्या काळ्या मातीचाही वाटा आहे. हा इतिहास ध्यानात घेतल्यास आरोग्य संशोधनात कोणता नमुना केव्हा निवडावा, हे अधिक स्पष्ट होते.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

१) वऱ्हाडातील पीक सर्वेक्षणाच्या संदर्भात नमुना निवडीच्या विकासाचा मागोवा घेणे.
२) त्यातून मिळणारी तत्त्वे आरोग्य सर्वेक्षणांना कशी लागू पडतात, हे तपासणे.
३) अमरावती व अकोला जिल्ह्यांच्या भौगोलिक व सामाजिक रचनेनुसार योग्य नमुना पद्धतीचा विचार करणे.

प्रस्तुत निबंधासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे.

आणेवारीपासून यादृच्छिक नमुन्यापर्यंत

ब्रिटिश काळात पिकाचा अंदाज आणेवारीने ठरत असे. सामान्य पीक किती आणे मानायचे आणि यंदाचे पीक किती आणे आले, हे महसूल यंत्रणेतील कर्मचारी नजरेने ठरवीत. हा अंदाज अनुभवी असला तरी व्यक्तिसापेक्ष होता. कोणते शेत पाहायचे हे पाहणाऱ्याच्याच हाती असल्याने रस्त्याकाठचे शेत दृष्टीस पडे आणि आडवळणाचे राहून जाई. शिवाय अशा अंदाजात चूक किती असू शकते, हे सांगण्याचा कोणताही मार्ग नव्हता.

या उणिवेवर उपाय म्हणून जे. ए. हबॅक यांनी १९२० च्या दशकात बिहार व ओरिसात भातपिकासाठी यादृच्छिक नमुन्याचा प्रयोग केला. पुढे प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी बंगालमध्ये तागाच्या पिकाची मोठी नमुना सर्वेक्षणे केली. कापसाच्या बाबतीत हे कार्य वऱ्हाडात घडले. इंदूरच्या वनस्पती उद्योग संस्थेतील डॉ. वि. गो. पानसे आणि रॉथमस्टेड येथे संशोधन केलेले डॉ. र. ज. कलमकर यांनी १९४२-४३ मध्ये अकोला जिल्ह्यात कापूस उत्पादनाचे यादृच्छिक नमुना सर्वेक्षण हाती घेतले. आजचा वाशिम जिल्हा तेव्हा अकोला जिल्ह्यातच होता; तो १९९८ मध्ये वेगळा झाला.

याच काळात विकसित झालेल्या पीक कापणी प्रयोगांची रचना बहुटप्पा स्तरित नमुन्याची होती. प्रदेशाचे स्तर पाडायचे, प्रत्येक स्तरातून यादृच्छिक पद्धतीने गावे, गावांतून शेते आणि शेतातून एक तुकडा निवडायचा, असा तिचा क्रम होता. कोणते शेत निवडले जाईल हे पाटील, पटवारी किंवा अधिकारी ठरवीत नसे. ते यादृच्छिक अंकांवरून ठरे. प्रत्येक शेताला निवडले जाण्याची ज्ञात संधी मिळाली आणि त्यामुळे चुकीची मर्यादाही मोजता येऊ लागली. नजर अंदाज आणि शास्त्रीय नमुना यांतील मूलभूत फरक हाच होय.

डॉ. पां. वा. सुखात्मे यांचे योगदानही येथे महत्त्वाचे ठरते. तुकडा फार लहान घेतला तर धुऱ्यावरची झाडे तुकड्यात मोजण्याकडे मोजणाऱ्याचा कल असतो आणि उत्पादन प्रत्यक्षाहून अधिक दिसते, हे त्यांनी १९४६ च्या सुमारास दाखवून दिले. म्हणजेच नमुना यादृच्छिक असूनही मोजणीत दोष राहू शकतो. त्यास बिगर-नमुना त्रुटी म्हणतात. कापसाच्या पिकातून आणखी एक धडा मिळतो. कापूस एकाच दिवशी हाती येत नाही. त्याच्या अनेक वेचण्या होतात. निवडलेल्या तुकड्यातील प्रत्येक वेचणीचे वजन झाले नाही तर उत्पादन कमी भरते. आरोग्य संशोधनातही निवडलेल्या कुटुंबाकडे पुन्हा पुन्हा जावे लागते, ते याच कारणाने.

सुखात्मे पुढे १९५१ पासून संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकी विभागाचे प्रमुख झाले आणि जगातील भूक व कुपोषणाचे मोजमाप हा त्यांच्या अभ्यासाचा विषय बनला. शेतातील तुकडा मोजणारे शास्त्र अशा रीतीने माणसाच्या ताटापर्यंत पोहोचले.

आरोग्य सर्वेक्षणे आणि जिल्ह्याची सरासरी

स्वातंत्र्योत्तर काळात आरोग्याची आकडेवारी नमुना सर्वेक्षणांवर उभी राहिली. नमुना नोंदणी पद्धती १९६४-६५ मध्ये प्रायोगिक स्वरूपात व १९६९-७० पासून पूर्ण प्रमाणात सुरू झाली. पहिले राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण १९९२-९३ मध्ये झाले. या दोन्हींचा नमुना प्रामुख्याने राज्यपातळीवरील अनुमानासाठी होता. १९९० च्या दशकात बालमृत्यूंमुळे मेळघाट देशभर चर्चेत आला, तेव्हा राज्याच्या सरासरीत धारणी व चिखलदरा तालुके वेगळे दिसणे शक्य नव्हते. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातून देशातील सर्व जिल्ह्यांचे आकडे २०१५-१६ च्या चौथ्या फेरीपासूनच मिळू लागले.

तथापि जिल्ह्याचा आकडा मिळाला म्हणजे प्रश्न सुटला, असे नाही. २०११ च्या जनगणनेनुसार अमरावती जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २९ लाख असून त्यांपैकी मेळघाटातील दोन तालुक्यांत सुमारे ३ लाख लोक राहतात. समजा, एखाद्या संशोधकाने लोकसंख्येच्या प्रमाणात जिल्ह्यातून ४०० जन्मांचा नमुना घेतला, तर मेळघाटाच्या वाट्याला सुमारे ४० जन्म येतील. या ४० मध्ये एक बालमृत्यू कमी किंवा अधिक झाला की तेथील बालमृत्यूदर हजारी २५ ने बदलतो. अशा नमुन्यावरून मेळघाटाविषयी काहीही विश्वासाने सांगता येत नाही. जिल्ह्याची सरासरी मात्र समाधानकारक दिसू शकते. म्हणून येथे मेळघाट हा स्वतंत्र स्तर मानून त्यातून प्रमाणापेक्षा अधिक नमुना घ्यावा आणि जिल्ह्याचे अनुमान काढताना योग्य भारांकन करावे, हेच शास्त्रशुद्ध ठरते.

काळाचा विचारही तितकाच आवश्यक आहे. दिवाळीनंतर अनेक कोरकू कुटुंबे मजुरीसाठी मैदानी भागात उतरतात आणि होळीला गावी परततात. या दरम्यान सर्वेक्षण केल्यास निवडलेल्या घरांना कुलूप आढळते. अशा वेळी शेजारचे उघडे घर घेणे सोयीचे वाटते. परंतु त्यामुळे सर्वाधिक गरजू कुटुंबेच नमुन्यातून गळतात. बाळंतपणासाठी माहेरी गेलेली स्त्री सासर व माहेर या दोन्ही ठिकाणच्या यादीतून सुटते, हाही असाच प्रकार होय.

खारपाणपट्टा : स्तर कोणता मानावा?

पूर्णा नदीच्या दोन्ही तीरांवर अमरावती, अकोला व बुलडाणा जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरलेला आहे. भूजलातील क्षारांमुळे मूत्रपिंडाचे विकार होतात, अशी तेथील ग्रामस्थांची दीर्घकाळची तक्रार आहे. या प्रश्नाचा अभ्यास करताना तालुका हा स्तर मानणे पुरेसे नाही, कारण खारे पाणी तालुक्याची सीमा पाळत नाही. अकोट, तेल्हारा यांसारख्या तालुक्यांत सातपुड्याच्या पायथ्याची गावे आणि पूर्णाकाठची गावे यांच्या पाण्यात फरक आहे. वान धरणाच्या पाण्यावरील प्रादेशिक योजनेमुळे काही गावांना आता गोडे पाणी मिळते, पण तेथील वृद्धांनी पूर्वी कोणते पाणी प्याले, हे वेगळे विचारावे लागते. म्हणून पाण्याचा स्रोत व त्याच्या वापराचा कालावधी यांनुसार स्तर पाडणे आवश्यक ठरते.

केवळ डायलिसिस केंद्रातील रुग्णांवरून या पट्ट्यातील आजाराचे प्रमाण ठरविणेही चुकीचे होईल. जे रुग्णालयात पोहोचले नाहीत, ते अशा नमुन्यात येतच नाहीत. या संदर्भात विदर्भातीलच एक अभ्यास मार्गदर्शक आहे. डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग वा लैंगिक आजार आढळले, तर पूर्वी तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष रुग्णालयाच्या नोंदवहीत कधीच सापडला नसता.

पद्धतीची निवड

वरील विवेचनावरून नमुना पद्धती ही संशोधन प्रश्नानुसार ठरते, हे स्पष्ट होते. लहान व एकजिनसी समग्राची अद्ययावत यादी उपलब्ध असल्यास साधा यादृच्छिक नमुना योग्य असतो. लसीकरणाचे प्रमाण लवकर जाणून घ्यायचे असल्यास जागतिक आरोग्य संघटनेने रूढ केलेली ३० समूह व प्रत्येकी ७ बालके, अशी एकूण २१० बालकांची समूह पद्धती उपयुक्त ठरते. मात्र तिची अचूकता साधारणतः १० टक्के अंशांच्या आत-बाहेर एवढीच अपेक्षित आहे. तिच्यावरून तालुक्यांची परस्पर तुलना करता येत नाही. लोकांचा अनुभव व समजुती जाणून घ्यावयाच्या असल्यास सहेतुक नमुना घेण्यास हरकत नाही, परंतु त्यावरून टक्केवारी काढू नये.

आपल्या महाविद्यालयीन संशोधनात सोयीस्कर नमुन्याचा वापर विपुल आहे. महामार्गालगतच्या चार-पाच गावांतून शंभर उत्तरदाते घेतले जातात आणि शीर्षकात मात्र संपूर्ण जिल्हा येतो. वेळ व निधी यांच्या मर्यादा खऱ्या आहेत; परंतु अशा वेळी शीर्षक व निष्कर्ष नमुन्याएवढेच मर्यादित ठेवणे संशोधकाच्या हाती असते.

निष्कर्ष

१) भारतातील शास्त्रीय नमुना निवडीच्या विकासात अकोला जिल्ह्यातील कापूस सर्वेक्षणाचे स्थान महत्त्वाचे आहे.
२) नमुन्याच्या आकारापेक्षा नमुना चौकटीत कोण आले व कोण सुटले, हा प्रश्न अधिक मूलभूत आहे.
३) अमरावती जिल्ह्यात मेळघाट आणि अकोला जिल्ह्यात खारपाणपट्टा यांना स्वतंत्र स्तर मानल्याशिवाय जिल्हास्तरीय आरोग्य निष्कर्ष अपुरे राहतात.
४) स्थलांतराचा हंगाम, बंद घरे व माहेरची बाळंतपणे यांचा विचार सर्वेक्षणाच्या आराखड्यातच करणे आवश्यक आहे.

आरोग्य केंद्रे, पोषण आहार व पाणी योजना यांची आखणी आकड्यांवरूनच होते. जे बालक नमुन्यात आले नाही, ते नियोजनातही येत नाही. आडवळणाच्या शेताला रस्त्याकाठच्या शेताइतकीच न्याय्य संधी देण्याचा धडा ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वी वऱ्हाडात गिरवला गेला होता. तोच न्याय आडवळणाच्या माणसालाही मिळावा, एवढी अपेक्षा आरोग्य संशोधकाकडून करणे अवाजवी ठरू नये.