सर्वांत भारी हिप-हॉप अल्बम कोणता? तिवस्यातला एक वाद आणि न रेकॉर्ड झालेले आवाज

(पॉडकास्टच्या या भागाचा लिखित मजकूर. बोलण्याच्या ओघात आलेली वऱ्हाडी तशीच ठेवली आहे.)

हेडफोन लावा, नाहीतर स्पीकरवर टाका, पण बाजूला घरचे बसले असतील तर आवाज थोडा कमी ठेवा. आजचा विषय ऐकून ते म्हणतील, "हे काय ऐकून रायला बे तू?"

झालं असं, की मागच्या आठवड्यात तिवस्यात, नागपूर हायवेवरच्या चहाच्या टपरीवर आम्ही चौघं बसलो होतो. विषय निघाला, जगातला सर्वांत भारी हिप-हॉप अल्बम कोणता? एक म्हणाला, 'इलमॅटिक', विषय संपला. दुसरा म्हणाला, केन्ड्रिकच्या पुढं कोणी नाही. तिसऱ्यानं एमसी स्टॅनचा 'तडीपार' काढला, तर पहिला त्याच्या अंगावरच धावला. शेवटी चहावाले काका म्हणाले, "आमच्या मोझरीच्या खंजिरीचं नाव काहून घेत नाही कोणी?"

सगळे हसले. मी पण हसलो. घरी जाताना मात्र ते वाक्य डोक्यातून जाईना. म्हणून हा भाग. आधी अल्बमचा इतिहास पाहू आणि मग काकांच्या वाक्याकडं येऊ.

सुरुवात न्यूयॉर्कपासून. 11 ऑगस्ट 1973. ब्रॉन्क्स नावाचा भाग, 1520 सेजविक अव्हेन्यू ही इमारत. सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीला शाळा सुरू व्हायच्या आधी नवीन कपडे घ्यायचे होते, पैसे नव्हते. तिनं इमारतीच्या हॉलमध्ये पार्टी ठेवली. मुलींना 25 सेंट, मुलांना 50 सेंट तिकीट. गाणी लावायला तिचा भाऊ, जमैकाहून आलेला क्लाइव्ह. त्यालाच जग डीजे कूल हर्क म्हणून ओळखतं. त्यानं एक गोष्ट हेरली होती. गाण्यात गायन थांबून नुसता ढोल वाजतो, त्या तुकड्यावर लोक सर्वांत जास्त नाचतात. मग तो एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलवर ठेवून तोच तुकडा लांबवायचा. त्या तालावर माइकवर बोलणं सुरू झालं आणि त्यातून पुढं रॅप वाढला.

आता लक्ष द्या. 1973 ते 1979, म्हणजे सहा वर्षं हिप-हॉप जिवंत होतं, गल्लीबोळात गाजत होतं, पण त्याची रेकॉर्ड बाजारात जवळपास नव्हतीच. कोणी पार्टीत टेप लावून कॅसेट भरली असेल, तर ती हातोहात फिरायची. तेवढंच.

पहिला मोठा हिट आला सप्टेंबर 1979 मध्ये, शुगरहिल गँगचा 'रॅपर्स डिलाइट'. लांब आवृत्ती चौदा मिनिटांच्या वर. गंमत अशी, की ते तिघं ब्रॉन्क्सच्या पार्ट्यांमधले नावाजलेले लोक नव्हते. न्यू जर्सीत सिल्व्हिया रॉबिन्सन यांनी त्यांना एकत्र आणलं. त्यातला बिग बँक हँक पिझ्झाच्या दुकानात काम करायचा. त्यानं ग्रँडमास्टर कॅझ या खऱ्या उस्तादाच्या वहीतल्या ओळी घेतल्या. इतक्या जशाच्या तशा, की कॅझच्या टोपणनावाचं स्पेलिंगसुद्धा गाण्यात तसंच राहिलं! रेकॉर्ड जगभर गेली. कॅझला ना श्रेय, ना पैसा.

म्हणजे पहिल्याच मोठ्या रेकॉर्डपासून एक गोष्ट दिसते. जे रेकॉर्ड झालं ते इतिहासात गेलं, आणि जे रेकॉर्ड झालं ते सर्वांत चांगलंच होतं असं नाही. हा मुद्दा पकडून ठेवा, शेवटी लागेल.

आता अल्बम म्हणजे काय? आपल्या पिढीला वाटतं, अल्बम म्हणजे ॲपमधला एक चौकोनी फोटो आणि खाली गाण्यांची यादी. पण अल्बमची लांबी कोण्या कवीनं ठरवली नाही, ती तबकडीनं ठरवली. जुन्या 78 आरपीएमच्या तबकडीवर एका बाजूला तीन-चार मिनिटंच मावायची. 1948 मध्ये कोलंबिया कंपनीनं एलपी आणली, तिच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटं बसू लागली. तेव्हा कुठं सलग चाळीस मिनिटांचं काहीतरी रचता येऊ लागलं. पुढं सीडी आली, 74 मिनिटं मिळाली, आणि नव्वदच्या दशकातले रॅप अल्बम ऐसपैस झाले.

त्या सीडीच्या काळात, एप्रिल 1994 मध्ये, नॅसनं 'इलमॅटिक' काढला तो फक्त दहा ट्रॅकचा, चाळीस मिनिटांचा. पोरगा वीस वर्षांचा, क्वीन्सब्रिजच्या सरकारी वसाहतीतला. त्यानं आपली गल्ली, तिथले मित्र, जेलमध्ये गेलेले ओळखीचे, एवढंच सांगितलं. एका गाण्याच्या शेवटी त्याचे वडील ओलू दारा कॉर्नेट वाजवतात. त्यात एकही ट्रॅक भरतीचा नाही. म्हणून आमचा पहिला मित्र चुकीचा नाही.

दुसऱ्या मित्राचंही ऐका. केन्ड्रिक लमारचा 'टू पिंप अ बटरफ्लाय' 2015 चा, आणि त्याच्या 'डॅम'ला 2018 मध्ये पुलित्झर मिळालं. तोवर संगीताचं पुलित्झर शास्त्रीय आणि जॅझच्या बाहेर गेलं नव्हतं. आणि आम्ही चौघंही ज्या अल्बमला विसरलो तो लॉरिन हिलचा, 1998 चा 'द मिसएज्युकेशन ऑफ लॉरिन हिल'. 1999 मध्ये 'अल्बम ऑफ द इयर'चं ग्रॅमी जिंकणारा हा पहिला हिप-हॉप अल्बम. ॲपल म्युझिकनं 2024 मध्ये सगळ्या प्रकारच्या संगीतातून शंभर अल्बमची यादी काढली, त्यातही हाच पहिला. टपरीवर चार पोरं बसली आणि एकाही बाईचं नाव निघालं नाही, हे आमचं आम्हीच पाहून घेऊ.

यादीत कोण येतं हे कलेशिवाय आणखी कशानं ठरतं? कोर्टानं पण ठरतं! 1988 मध्ये पब्लिक एनिमीनं 'इट टेक्स अ नेशन ऑफ मिलियन्स' काढला, तेव्हा एका गाण्यात जुन्या रेकॉर्डचे कितीतरी तुकडे एकावर एक रचलेले असायचे. 1991 मध्ये अमेरिकेतल्या एका कोर्टानं बिझ मार्कीविरुद्ध निकाल दिला आणि प्रत्येक तुकड्यासाठी आधी परवानगी, आधी पैसा असा धंदा झाला. तसा दाट आवाज पुढं परवडेनासा झाला. डे ला सोलचा 1989 चा गाजलेला पहिला अल्बम तर याच हक्कांच्या भानगडीत कितीतरी वर्षं स्ट्रीमिंगवर नव्हता. मार्च 2023 मध्ये आला. म्हणजे ज्याला आपण "सर्वकालीन यादी" म्हणतो, ती आपल्या फोनमध्ये काय सापडतं त्यावर पण अवलंबून आहे. जे सर्चमध्ये येत नाही, ते आपल्यासाठी झालंच नाही.

आता घराकडं येऊ.

आपल्याकडं 2014 मध्ये नेझीचं 'आफत' आलं, 2015 मध्ये डिव्हाइन आणि नेझीचं 'मेरे गली में', आणि 2019 मध्ये 'गली बॉय'नंतर घराघरात रॅप कळला. पुण्याच्या ताडीवाला रोडवरचा एमसी स्टॅन 2020 मध्ये 'तडीपार' घेऊन आला. त्याच साली मुंबईच्या 'स्वदेसी' या गटाचा 'चेतावनी' आला. त्यात वेगवेगळ्या भाषा आहेत, आणि एमसी मवाली मराठीत बोलतो. त्याआधी 2019 मध्ये याच गटानं आरेच्या जंगलासाठी, तिथले आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांच्या आवाजासह 'द वारली रिव्होल्ट' केलं होतं.

आणि आपल्या अमरावतीचा सौरभ अभ्यंकर, म्हणजे हंड्रेड आरबीएच. 2023 मध्ये एमटीव्हीच्या 'हसल'च्या तिसऱ्या सीझनमध्ये तो उभा राहिला, तेव्हा आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दुसरा विषयच नव्हता. काहून? तर सिनेमात वऱ्हाडी बोलणारा माणूस म्हणजे बहुतेक वेळा हसवायला ठेवलेला. मी पुण्यात शिकायला गेलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात "मले" म्हणालो आणि अख्खी बेंच हसली. त्या दिवसापासून मी "मला" म्हणायला लागलो. एवढुसा फरक, पण तीन वर्षं जिभेवर पहारा ठेवला. आणि इथं आपल्या जिल्ह्यातला पोरगा टीव्हीवर तोंड वर करून बोलतो आणि लोक टाळ्या वाजवतात. ब्रॉन्क्सच्या पोरांना त्यांच्या बोलीसाठी काय वाटलं असेल, ते मला 'इलमॅटिक'नं नाही, या पोरानं समजावलं.

आता काकांची खंजिरी.

तिवस्याहून अमरावतीकडं निघालं की थोड्याच वेळात गुरुकुंज मोझरी लागते. 1935 मध्ये तुकडोजी महाराजांनी इथं आश्रम उभा केला. 1909 मध्ये यावलीला जन्मलेला हा माणूस एका हातात खंजिरी घेऊन गावोगाव फिरला. देव सांगितला, तसं गाव झाडायला पण सांगितलं, दारू सोडायला सांगितलं. 1942 च्या आंदोलनात इंग्रजांनी त्यांना तुरुंगात टाकलं. खंजिरीवरच्या भजनाची भीती वाटली म्हणजे पाहा! ग्रामगीतेत 41 अध्याय आहेत, पण ती वाचायच्या आधी लोकांनी त्यांना ऐकलं होतं.

अकोला जिल्ह्यातले सत्यपाल महाराज तर सात खंजिऱ्या घेऊन बसतात आणि ठेठ वऱ्हाडीत प्रबोधन करतात. ताल, मध्येच बोलणं, समोरच्याला चिमटा, परत ताल. ज्यांनी पाहिलं त्यांना वेगळं सांगायची गरज नाही.

मी असं म्हणत नाही, की हिप-हॉप आपल्याकडं आधीच होतं. फेसबुकवर तसं लिहिणारे पुष्कळ आहेत. ब्रॉन्क्सचं ब्रॉन्क्सला राहू द्या. कलगी-तुऱ्यातले सवाल-जवाब म्हणजे रॅप बॅटल नव्हे, त्याचं शास्त्र वेगळं. पण एका बाबतीत दोघांची गोष्ट सारखी आहे. दोन्हीकडं बहुतेक ताकद समोरासमोर खर्च झाली, आणि फार थोडी टेपवर उरली.

त्या थोड्यातलं एक सांगतो. गाडगेबाबा. अंजनगाव सुर्जीजवळच्या शेंडगावचे, 1876 चा जन्म. आयुष्यभर कीर्तनं केली. ती किती झाली असतील याचा हिशेब नाही. त्यातलं एक, नोव्हेंबर 1956 मध्ये मुंबईत वांद्र्याला पोलिसांसमोर केलेलं, रेकॉर्ड झालं. 20 डिसेंबर 1956 ला वलगावजवळ बाबा गेले. म्हणजे महिना-दीड महिन्याचं अंतर. तेव्हा कोणी मशीन लावलं नसतं, तर आपल्याला तो आवाज कधी कळला नसता.

यूट्यूबवर आहे, ऐका. म्हातारा, थकलेला आवाज. पण प्रश्न विचारतो, लोकांकडून उत्तर काढून घेतो, त्याच उत्तरात त्यांना पकडतो, हसवतो, आणि हसता हसता कर्ज, शिक्षण, देवाच्या नावावरचा खर्च यावर येतो. भाषा आपली, वऱ्हाडी, कुठंही "मला-तुला" करून साफसूफ न केलेली. मी ते रात्री बाराला ऐकलं आणि मला पुण्यातली ती बेंच आठवली.

तर माझा निकाल. अल्बम म्हणून विचाराल, म्हणजे सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक विचार, एक आवाज, भरती नाही, तर माझं मत 'इलमॅटिक'ला. लॉरिन हिल एका पावलानं मागं. केन्ड्रिकवाल्या मित्रा, कमेंटमध्ये शिव्या दे, चालेल. 'तडीपार'बद्दल माझं म्हणणं असं, की त्याला 'इलमॅटिक'च्या फूटपट्टीनं मोजू नका. ताडीवाला रोडच्या पोरानं आपल्या रस्त्यावरून बोलायचं ठरवलं, हे त्याचं मोल. आणि गाडगेबाबांचं ते रेकॉर्डिंग कोणत्याच यादीत बसत नाही, बसवू पण नका. फक्त एकदा पूर्ण ऐका.

शेवटची गोष्ट, जी मी टपरीवर बोललो नाही. माझे आजोबा गावच्या भजनी मंडळात खंजिरी वाजवायचे. ऑक्टोबरमध्ये मोझरीला पुण्यतिथीला जायचे. महाराज 1968 मध्ये ज्या वेळेला गेले त्या वेळेला, चार वाजून 58 मिनिटांनी, लाखो लोक तिथं गप्प उभे राहतात, त्यात ते असायचे. घरी आले की ओट्यावर बसून वाजवायचे आणि मध्येच स्वतःचं काहीतरी जोडायचे. सरपंचावर, पावसावर, माझ्या मार्कांवर. आम्ही नातवंडं कानात इअरफोन घालून बसायचो. ते गेले तेव्हा माझ्या फोनमध्ये 32 जीबीचं कार्ड गाण्यांनी भरलेलं होतं. त्यांच्या आवाजाचा एक तुकडा पण नव्हता. शोधला, सगळे जुने बॅकअप उघडले. एका लग्नाच्या व्हिडिओत मागून त्यांचा खोकला ऐकू येतो, बस.

कॅझची वही दुसऱ्यानं नेली, पण ओळी तरी उरल्या. आमच्या घरी तेवढंही नाही.

म्हणून या वेळेला सबस्क्राइब करा वगैरे सांगत नाही. तुमच्या गावात खंजिरीवाले, पोवाडा म्हणणारे, जात्यावरच्या ओव्या आठवणारी आजी कोणी असेल, तर त्यांना विचारून, त्यांची परवानगी घेऊन, फोनचा रेकॉर्डर लावा. पंखा बंद करा, फोन जवळ ठेवा, नाव आणि तारीख सुरुवातीलाच बोलून घ्या. चांगलं येईल की नाही ते नंतर पाहू.

चहावाल्या काकांना मी पुढच्या रविवारी भेटणार आहे. ते पण मंडळात वाजवतात म्हणे. फोन चार्ज करून नेतो.

चला, भेटू पुढच्या भागात. जय गुरू!